भावनिक खाणे

पोटाला भूक नसताना, किंवा भूक भागल्यावरही, ताण, उदासी, राग, एकटेपणा वा कंटाळा शमवण्यासाठी खाण्याची सवय. हा स्वतंत्र आजार नाही; थोड्याफार प्रमाणात ती बहुतेकांत आढळते. राग गिळणे, दुःख पचवणे, मन खाणे हे वाक्प्रचार पाहता भावना आणि अन्न यांचे नाते मराठीला जुनेच आहे. आनंदाचा पेढा आणि दुखवट्याच्या घरी शेजारी आणतात तो कडू घास, हेही भावनेपोटीचे खाणे होय. मात्र त्याला चार माणसांची सोबत असते आणि ते वेळेपुरते असते. मन शांत करण्याचा खाणे हाच एक मार्ग उरला, की त्याची अडचण होते.

ओळख : पोटाची भूक हळूहळू वाढते, भाकरी-भाजीवर भागते आणि पोट भरले की थांबते. मनाची भूक एकाएकी उसळते आणि तिला ठरावीक चव लागते, बहुधा गोड, तळलेले किंवा चटकदार. खानदेशात तिचे हाताशी असलेले रूप म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचा डबा. रात्री भांडी आवरून, मुले निजल्यावर, ओट्याशी उभ्याउभ्याच एक मूठ घेतली जाते. झाकण लागते, पुन्हा उघडते. डब्याचा तळ दिसल्यावरच किती खाल्ले ते कळते आणि मग मन खाऊ लागते. या अपराधी भावनेतून दुसऱ्या दिवशी उपास घडतो आणि उपासातून पुन्हा तेच चक्र सुरू होते.

कारणे : हॅरोल्ड आणि हेलन कॅप्लन यांनी १९५७ मध्ये लठ्ठपणाच्या मानसिक बाजूची चर्चा करताना चिंता कमी करण्यासाठी खाण्याची कल्पना मांडली. मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांच्या मते, लहानपणी मुलाच्या प्रत्येक अस्वस्थतेवर अन्न हेच उत्तर मिळाले, तर मोठेपणी भूक आणि भावना वेगळ्या ओळखणे अवघड जाते. रडणाऱ्या मुलाच्या हाती लगेच बिस्किटाचा पुडा देणे हे त्याचेच घरगुती उदाहरण. दीर्घकाळच्या ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही गोड व स्निग्ध पदार्थांची ओढ वाढवू शकते. काही जणांची भूक ताणात उलट मरते.

आणखी एक कारण उपासमारीचे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागले. पुढे आहार मोकळा झाल्यावरही अनेकांना पोट भरल्याचे समाधान मिळेना. अन्नाची टंचाई मनातही घर करते, हे या प्रयोगातून दिसले.

नंदुरबारचा संदर्भ : १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या खानदेशातील या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी व अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांचे नाव कुपोषणाच्या चर्चेत वारंवार येते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत व इतरत्र जातात. अशा ठिकाणी ‘कमी खा’ हा शहरी सल्ला निरुपयोगीच नव्हे, तर घातकही ठरू शकतो. नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारीवर दिवसभर देठ खुडणारी बाई चहा-बिस्किटावर दुपार काढत असेल, तर संध्याकाळी तिचा हात भजीकडे वळण्यामागे आधी उपाशी पोट आहे, थकलेले मन त्यानंतर. त्यामुळे येथे पहिला प्रश्न ‘काय वाटते आहे?’ हा नसून ‘शेवटचे पोटभर कधी जेवलात?’ हा असतो.

उपाय : सुरुवात जेवण कमी करण्याने नव्हे, वेळेवर जेवण्याने करावी. भाकर, उडदाची किंवा तुरीची डाळ आणि भाजी असे दोन वेळचे पुरेसे जेवण पोटाची भूक भागवते. उरते ती मनाची भूक वेगळी ओळखता येते. खाण्याची ऊर्मी आल्यावर दहा मिनिटे थांबून त्या वेळची भावना शब्दांत सांगावी, शक्य तर वहीत टिपावी. आठवड्याभरात ठरावीक वेळ, जागा किंवा भांडण असा धागा सापडतो. त्या वेळेसाठी अंगणात फेरी, शेजारणीशी गप्पा किंवा थोडी झोप असा दुसरा आधार ठरवावा. खायचेच असेल, तर डब्यातून न घेता ताटलीत वाढून, बसून खावे. चरकसंहितेच्या विमानस्थानातही मन लावून जेवण्याचा उपदेश आहे. चिंता, शोक, भय वा क्रोध असताना हितकर अन्न बेताने खाल्ले तरी पचत नाही, असेही तेथे म्हटले आहे.

ताबा सुटून थोड्या वेळात खूप खाणे आठवड्यातून सरासरी एकदा, तीन महिने घडत असेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर तो अतिभक्षण विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले. त्यावर बोधात्मक वर्तनोपचार उपयोगी पडतो. मधुमेहाच्या रुग्णांनी उपास करून भरपाई करू नये. मानसिक मदतीसाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’चा निःशुल्क क्रमांक आहे.

सवय सुटत आल्याची खूण वजनकाट्यावर शोधू नये. एखाद्या रात्री डबा उघडला, तरी दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपास न करता नेहमीच्या वेळी ताटावर बसता येणे, ही ती खूण होय.