व्यवसायोपचार : शाळेपासून विद्यापीठापर्यंत

कांहीं शास्त्रें राजाश्रयानें वाढतात, कांहीं पंडितांच्या वादांतून जन्मास येतात. परंतु रोग्याच्या रिकाम्या हातांकडे पाहून एखादें शास्त्र सुचावें, ही गोष्ट विरळाच. व्यवसायोपचार हें अशा जातीचें शास्त्र होय. त्याचें नांव ऐकतांच सुशिक्षित वाचकाचाही घोटाळा होतो. कारण व्यवसाय म्हटला कीं आपणांस दुकान, वकिली किंवा कारखाना आठवतो. संस्कृतांत मात्र या शब्दाचा अर्थ निश्चय आणि त्या निश्चयानें केलेला उद्योग असा आहे. भगवद्गीतेंतही तो निश्चयाच्याच अर्थानें आला आहे. येथें तोच अर्थ घ्यावयाचा. मनुष्य सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत जें जें हेतुपूर्वक करतो तें तें व्यवसाय; आणि रोगानें वा अपघातानें सुटलेलें हें करणें त्याच्या हातीं पुन्हां देणें, हा व्यवसायोपचार. शस्त्रक्रियेनें हाड जुळतें. पण जुळलेल्या हातानें सदऱ्याची गुंडी लागत नसेल, तर रोग्याच्या दृष्टीनें उपचार अर्धाच राहिला. उरलेल्या अर्ध्याचें हें शास्त्र आहे.

त्याची रीतसर स्थापना मार्च १९१७ मध्यें अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं झाली. संस्थापकांपैकीं जॉर्ज बार्टन हे धंद्यानें वास्तुशिल्पी. स्वतःच पक्षाघातानें पंगु झालेले, आणि बागकाम व सुतारकाम करीतच पुन्हां उभे राहिलेले. पहिल्या महायुद्धांतून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांमुळें या विद्येची गरज एकाएकीं वाढली. साधनें अगदीं साधीं : हातमाग, वेताच्या टोपल्या, रंधा व करवत.

आपल्या देशांत हें शास्त्र रुजविलें तें एका विलक्षण स्त्रीनें. न्यू जर्सी राज्यांतील क्वेकर कुटुंबांत १९०० सालीं जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून कमला निंबकर झाल्या, आणि हिंदुस्थान हेंच त्यांनीं आपलें घर मानलें. चाळिशी उलटल्यावर त्या फिलाडेल्फिया येथील व्यवसायोपचाराच्या शाळेंत विद्यार्थिनी म्हणून बसल्या, आणि १९५० सालीं मुंबईस परळच्या केईएम रुग्णालयांत त्यांनीं या विषयाची भारतांतील पहिली शाळा उघडली. दोनच वर्षांनीं अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघ स्थापन होऊन त्याचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. आणि त्याच १९५२ सालीं लिव्हरपूल येथें जागतिक महासंघाची जुळणी झाली, तेव्हां त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढें नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही हें शिक्षण सुरू झालें. पदविकेची पदवी झाली, पदवीवर पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. आणि १९९८ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आज या दोन्ही पदव्या देत आहे. २०२१ मध्यें संसदेनें आरोग्यसेवेंतील संलग्न व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यांतही व्यवसायोपचारास स्थान मिळालें.

येथें कोणी विचारील कीं, टोपल्या विणावयास शिकविण्यासाठीं विद्यापीठ कशाला? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. त्याचें उत्तर ग्रंथांत न शोधतां आपण जालना जिल्ह्यांतील टेंभुर्णीच्या शिवारांत शोधूं. परळची शाळा उघडली तेव्हां हा मुलूख हैदराबाद राज्यांत मोडत होता; १९५६ सालीं तो मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९८१ मध्यें जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. शेतांतलें काम मात्र हातांवरच राहिलें. कापूस वेचणारी बाई पहा. एका हातानें फांदी सावरावयाची, दुसऱ्या हाताच्या चिमटींत कापूस धरावयाचा, बोंडाचीं वाळलेलीं टोंकें चुकवून तो अलगद ओढावयाचा, कमरेच्या ओटींत टाकावयाचा आणि वाकल्या देहीं पुढच्या झाडाकडे सरकावयाचें. अर्धांगवायूनें यांतील कोणता दुवा तुटला, तो कोणत्या क्रमानें जोडावा, आणि जोडणें अशक्य असल्यास त्याऐवजीं कोणती युक्ति योजावी, हें ओळखण्यास शरीररचना लागते, मज्जासंस्थेचें ज्ञान लागतें, मनाची पारख लागते. टोपली हें साधन होतें. खरी विद्या कर्माच्या या पृथक्करणाची आहे.

पदवीनें ही विद्या वापरतां येते. तिच्यांत भर घालण्यास मात्र पदव्युत्तर अभ्यासच पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९८९ मध्यें मनुष्याच्या नित्य कर्मांचा स्वतंत्र शास्त्र म्हणून अभ्यास मांडला आणि त्यांत डॉक्टरेट देण्याची सोय केली. परंतु तेथील रोगी खुर्चीवर बसतो, कांट्याचमच्यानें जेवतो. आमचा रोगी मांडी घालून बसतो, बोटांनीं घास करतो. आमची रोगीण उकिडवी बसून चूल पेटविते, परातींत भाकरी थापते, लुगड्याचा कासोटा खोंचते. एका हातानें भाकरी कशी थापावी, या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही परदेशी ग्रंथांत असण्याचें कारण नाहीं. कारण हा प्रश्नच तेथें कोणास पडलेला नाहीं. तो येथल्या विद्यार्थ्यांनींच विचारावयाचा, मोजावयाचा आणि लिहून ठेवावयाचा. पदव्युत्तर शिक्षणाचें खरें प्रयोजन आम्हांस यांत दिसतें.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. पदव्या जसजशा उंच होतात तसतसे पदवीधर शहरांकडे ओढले जातात, ही आपल्या सर्वच शिक्षणाची जुनी खोड आहे. रोगी दवाखान्यांतून घरीं परततो. त्याची चूल, त्याचा उंबरठा आणि त्याचें शेत गांवांत असतें, आणि या शास्त्राची कसोटी तेथेंच लागते. कमलाबाई १९७९ सालीं निवर्तल्या. त्या सात समुद्र ओलांडून आल्या होत्या. त्यांच्या शास्त्राच्या पदवीधरांस परळपासून टेंभुर्णीपर्यंतची वाट दूर वाटूं नये. टेंभुर्णींतील एखादी पंगु झालेली बाई पुन्हां आपल्या हातची भाकरी थापील, तेव्हांच या शाळेचें विद्यापीठ झालें असें आम्ही म्हणूं.