केसरबाईंची तबकडी आणि दीड लाखाचे स्पीकर

बाबा गेल्यावर त्यांच्या तबकड्यांची पेटी माझ्याकडे आली. ७८ फेऱ्यांच्या, शेलॅकच्या, हातातून निसटली तर कौलासारखी फुटणारी एकेक. वर नाट्यपदे, मध्ये थोडी सिनेमाची गाणी आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुरश्री केसरबाई केरकर. त्याच सुमारास पगाराची थकबाकी हातात पडली. कचेरीतल्या एका मित्राकडे दीड लाखाचे स्पीकर आहेत. त्याने सरळ सांगितले, "पयशे आसात जाल्यार घे मरे! त्या केसरबाईक बरे तरेन आयक." कारकुनाला दीड लाख म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून पैसे मोजण्याआधी त्या तबकडीत मुळात भरले काय आहे, ते शोधायला बसलो.

फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गायचे. आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उठायची. (गाणे संपल्यावर गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, ते ऐकून आपण हसतो. पण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे, यासाठी ती सोय होती.) या पद्धतीत साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटतच नसे. माणसाचा तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि ही मर्यादा दुप्पट झाली, पण म्हणजे किती? पाच-सहा हजार.

आता दीड लाखाच्या स्पीकरचे बघा. त्यांची सारी ऐट त्या वरच्या टोकाला. आणि जुन्या तबकडीत त्या वरच्या टोकाला काय आहे? खरखर! शेलॅकमध्ये दगडाची पूड मिसळलेली असे, तिचा तो आवाज. मित्राच्या घरी मी बाबांची एक नाट्यपदाची तबकडी वाजवून बघितली. गायक होता तिथेच राहिला, खरखर मात्र दिवाणखानाभर पसरली. आमच्या घरच्या जुन्या रेडिओच्या पेटीतून तेच पद जास्त सुखाने ऐकू येते, कारण रेडिओ बिचारा ती खरखर गाळून टाकतो. शिवाय नाटकवाले गायकच असे की माईकविना शेवटच्या रांगेपर्यंत पोचत. त्यांच्या आवाजाचे बळ मधल्या पट्ट्यात आहे, आणि नेमका तोच पट्टा कर्ण्याला पकडता येई.

केसरबाईंचे गाणे थोडे वेगळे. त्यांच्या तबकड्या मायक्रोफोनच्या जमान्यातल्या. फोंड्याजवळच्या केरीची ही मुलगी, अल्लादियाखाँसाहेबांकडची खडतर तालीम, आणि ध्वनिमुद्रणाबद्दल कमालीची काटेकोर. तबकड्या मोजक्याच दिल्या. पण दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. बैठकीत पाऊण तास चालणारा विलंबित ख्याल तीन मिनिटांत मावणार कसा? रागाची ती सावकाश उलगड कोणत्याही स्पीकरमधून परत मिळणार नाही. ती तबकडीत गेलीच नाही.

मग पैसा खर्चायचाच नाही का? खर्चायचा, पण कशावर ते गाण्यागणिक बदलते. शंकर-जयकिशनची गाणी आपण ट्रान्झिस्टरवर ऐकत मोठे झालो. त्यांचे वाद्यवृंद-संयोजन आमच्या गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांचे. लताबाईंच्या सुराखालून व्हायोलिन आणि चेलोंची एक दुसरीच ओळ चालू असते. ट्रान्झिस्टरच्या तीन इंची स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत, त्यामुळे ती ओळ आपल्या पिढीने निम्मी-अर्धीच ऐकली. बऱ्यापैकी स्पीकर लावला की आपला गोंयकार तिथे बसलेला सापडतो. (दीड लाखाचा नव्हे, बऱ्यापैकी.) घुमटाचेही तसेच. मोबाईलवर घुमट आरती ऐकली तर मातीच्या मडक्याचा तो घुमारा नाहीसा होतो, उरते ती नुसती टकटक. आणि तंबोऱ्याची जवारी ऐकायची तर एलपीच्या काळातले किंवा त्यानंतरचे ध्वनिमुद्रण हवे. तिथे चांगल्या यंत्रणेचे पैसे खरोखर वसूल होतात.

७८ फेऱ्यांच्या तबकडीला मात्र दोनच गोष्टी लागतात, असे मला आता वाटते: सुई आणि वेग. तिची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्यात घातली की ती तळाशी लडबडत राहते आणि सगळा कचरा गोळा करते. वेगाचे तर त्याहून नाजूक. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की सूर पेटीची एक पट्टी सरकतो. आमच्या यंत्रावर केसरबाई लावून हार्मोनियमवर सूर शोधला, तर तो दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी. ज्या बाईने सुराच्या बाबतीत कधी तडजोड केली नाही, तिला मी वर्षभर बेसूर करून ऐकत होतो.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. तिच्यात केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पण तबकडीबरोबर काय पाठवले, ते फारसे कोणी सांगत नाही. सुई आणि कार्ट्रिज. आणि आवरणावर, ती किती वेगाने फिरवायची याची खूण कोरलेली: एका फेरीला ३.६ सेकंद. स्पीकरचा प्रश्न त्यांनी ऐकणाऱ्यावर सोडला!

मग मीही तेच केले. ७८ ची सुई मागवली. एका गोल कागदावर कडेने ७७ काळ्या पट्ट्या आखल्या. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटखाली वेग बरोबर असेल तर या पट्ट्या स्थिर दिसतात. (एलईडीखाली बहुधा जमत नाही, म्हणून मागच्या पडवीतल्या ट्यूबखाली टेबल नेले.) माझ्या पट्ट्या मागे मागे सरकत होत्या. मडगावच्या एका जुन्या कारागिराने आतले झिजलेले रबरी चाक बदलून दिले. पट्ट्या थांबल्या. केसरबाई लावल्या, पेटीवर बोट ठेवले, सूर पट्टीवर बसला. सगळा खर्च पाच हजारांच्या आत.

उरलेल्या थकबाकीतून चतुर्थीच्या आधी घुमटासाठी एक बऱ्यापैकी जोडी बघायची आहे. भाव काढून ठेवले आहेत. मित्राला अजून सांगितलेले नाही.