अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात जास्त कधी तापतो?

एक साधा प्रश्न. घरातला १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात जास्त कधी तापेल? तुम्ही म्हणाल, पूर्ण १०० वॅट देताना, आणखी कधी! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हेच गृहीत धरलं होतं. त्यापायी एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तुमच्यापैकी बरेच जण आता विषय निवडताय, म्हणून ती गोष्ट सांगतो.

१९६०च्या दशकात अमेरिकेत घरगुती हाय-फायचा बाजार तेजीत होता. वॅटचा आकडा मोठा म्हणजे यंत्र भारी, अशी गिऱ्हाइकाची समजूत. मग कुणी 'पीक पॉवर' छापायचं, कुणी 'म्युझिक पॉवर', म्हणजे थोडाच वेळ टिकणारी शक्ती. हा गोंधळ निस्तरायला फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम आणला. त्यात एक अट होती: मोजणीआधी अ‍ॅम्प्लिफायर जाहीर शक्तीच्या एक तृतीयांशावर सलग तासभर चालवायचा.

मी मसुद्यात लिहिलं, "एक तृतीयांश म्हणजे अट सौम्यच." आणि पुढे निष्कर्ष ठोकला: नियमानंतर जाहिरातीतला आकडा उतरला, म्हणजे आधीचा खोटा होता. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं: "उष्णतेचं गणित केलंस का?"

केलं. त्या काळच्या बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरची घडण 'क्लास बी'च्या जवळची. त्यात आवाज कमी असताना वीजपुरवठ्यातून थोडाच प्रवाह घेतला जातो. आवाज पूर्ण असताना घेतलेल्या विजेचा मोठा वाटा स्पीकरकडे जातो. मधल्या टप्प्यात मात्र प्रवाह बराच आणि ट्रान्झिस्टरवर उरलेला व्होल्टेजही बराच. या दोघांचा गुणाकार म्हणजे उष्णता. आदर्श क्लास बी धरून, सलग एका सुराचा हिशेब असा येतो: १०० वॅट देताना ट्रान्झिस्टर सुमारे २७ वॅट उष्णता टाकतात, ३३ वॅट देताना सुमारे ४०. कमाल येते ती ४० टक्के शक्तीच्या आसपास. म्हणजे मी जिला सौम्य म्हटलं, ती अट जवळजवळ सर्वांत तापदायक जागेवर बसली होती!

आता ही उष्णता जाणार कुठे? हीटसिंकमध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या त्या उभ्या पट्ट्यांत, आणि तिथून हवेत. समजा हीटसिंक दर वॅटमागे अर्धा अंश तापतो. दोन चॅनलचे मिळून ८० वॅट, म्हणजे ४० अंशांची वाढ. खोली ३० अंशांची असेल तर हीटसिंक ७० अंशांवर, आणि आतला ट्रान्झिस्टर त्याहून गरम. ज्याला हे झेपत नाही, त्याचा थर्मल कटआउट तास संपायच्या आतच पडणार. कंपनीपुढे मग मोजकेच मार्ग: मोठा हीटसिंक, पंखा, किंवा जाहीर आकडाच कमी करणं. मांडणी बदलणं हाही एक मार्ग होता. हिताचीने १९७७ मध्ये 'क्लास जी' आणला. त्यात नेहमीच्या आवाजाला कमी व्होल्टेजचा पुरवठा, आणि मोठ्या आवाजापुरता जास्त व्होल्टेजचा.

म्हणजे उतरलेल्या आकड्यांमागे काही ठिकाणी खोटेपणा असेल, काही ठिकाणी निव्वळ उष्णता. नुसत्या जाहिराती शेजारी ठेवून हे वेगळं करता येत नाही. माझा निष्कर्ष तिथेच कोसळला.

दुसरी बाजूही बघा. घरी कुणी सलग एकच सूर तासभर वाजवत नाही. संगीतात चढउतार असतात, सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या खूप खाली राहते. २००० साली कमिशनने ती अट एक अष्टमांशावर आणली. त्यामुळे १९९० आणि २००५ सालचे '१०० वॅट' एकाच तक्त्यात ठेवतानाही आधी थांबावं लागतं.

तुम्हीही एक करून बघा. तुमच्या विषयातला नेहमी उद्धृत होणारा एक आकडा घ्या आणि तो मोजण्याआधी काय काय केलं होतं, ते मूळ नियमात जाऊन वाचा. मी हे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं; केलं अकराव्या महिन्यात.