रोबेर्तो क्लेमेंते : तीन हजार फटके आणि स्वतःचे नाव

रोबेर्तो क्लेमेंते वॉकर (१८ ऑगस्ट १९३४ – ३१ डिसेंबर १९७२) हा प्वेर्तो रिको बेटावरील बेसबॉलपटू अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत सलग अठरा हंगाम खेळला, आणि तेही पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून. नेमके ३,००० यशस्वी फटके हा त्याच्या कारकिर्दीचा आकडा. हा टप्पा गाठणारा तो लॅटिन अमेरिकेतील पहिला खेळाडू होता.

त्याच्या नावाची रचना आधी समजून घ्यायला हवी. स्पॅनिश रीतीप्रमाणे वडिलांचे आडनाव आधी आणि आईचे नंतर येते. मेल्चोर क्लेमेंते आणि लुईसा वॉकर यांच्या सात मुलांतले हे शेंडेफळ. सान हुआनजवळच्या कारोलिना गावी वडील ऊसतोडणी मजुरांवर मुकादम होते. शाळेत असताना रोबेर्तो भालाफेकीत तरबेज होता. पुढे मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यातून त्याचा चेंडू ज्या वेगाने आणि अचूकतेने येई, त्याचे मूळ या भालाफेकीत असल्याचे मानले जाते.

१९५४च्या फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्सने त्याला १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले आणि कॅनडातील माँट्रियलच्या दुय्यम संघात पाठवले. त्या काळच्या नियमानुसार इतका बोनस दिलेल्या खेळाडूला मुख्य संघाबाहेर ठेवले, तर हंगामाअखेर इतर संघांना तो निवडता येत असे. माँट्रियलमध्ये त्याला खेळण्याची संधी बेताचीच मिळाली. इतरांची नजर पडू नये म्हणून त्याला मुद्दाम झाकून ठेवले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. अलीकडचे अभ्यासक या कथेबद्दल साशंक आहेत. त्या हंगामात तळाशी राहिलेल्या पिट्सबर्गला पहिल्या निवडीचा हक्क होता आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी अवघ्या ४,००० डॉलरांत क्लेमेंतेला घेतले. बेसबॉलमधला इतका फायद्याचा सौदा क्वचितच झाला असेल.

१७ एप्रिल १९५५ रोजी तो मेजर लीगमधला पहिला सामना खेळला. जॅकी रॉबिन्सनने या स्पर्धेतील वर्णभेदाची भिंत फोडून तेव्हा आठ वर्षे झाली होती; पण फ्लोरिडातील सरावकाळात गोरे सहकारी उपाहारगृहात जेवत आणि कृष्णवर्णीय खेळाडू बाहेर बसमध्ये थांबत. क्लेमेंतेच्या बाबतीत रंगाच्या जोडीला भाषेचीही अडचण होती. १९१७च्या कायद्याने प्वेर्तो रिकोचे रहिवासी अमेरिकेचे नागरिक झालेले असूनही वार्ताहरांच्या लेखी तो परदेशीच राहिला. त्याची इंग्रजी वाक्ये वृत्तपत्रे उच्चारांच्या चुकांसकट, वाचकांना हसू येईल अशा वर्तनीत छापत. त्याचे नावही परस्पर ‘बॉब’ करण्यात आले. १९५७ ते १९६९ या काळातील त्याच्या टॉप्स कंपनीच्या चित्रकार्डांवर ‘बॉब क्लेमेंते’ असेच छापलेले आढळते. आपले नाव रोबेर्तो आहे, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पोर्तुगीज दप्तरात कामतांचे ‘कामोतीं’ झालेले ज्यांना ठाऊक आहे, त्या गोव्यातील वाचकांना हा आग्रह निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

दुखण्याच्या बाबतीतही त्याच्या वाट्याला टवाळीच आली. डिसेंबर १९५४मध्ये एका मद्यधुंद चालकाने त्याच्या मोटारीला धडक दिली होती आणि त्यात पाठीच्या मणक्यांना झालेली इजा त्याला जन्मभर पुरली. तो दुखण्याविषयी मोकळेपणाने बोले, म्हणून तो दुखण्याची सोंगे करतो असा शिक्का बसला. हा शिक्का बसलेल्या माणसाने पायरेट्सकडून २,४३३ सामने खेळले आहेत.

क्रिकेटच्या वाचकांसाठी एक खुलासा. बेसबॉलमध्ये फलंदाजीची सरासरी म्हणजे अधिकृत संधींपैकी किती वेळा फलंदाज स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोहोचला, याचे प्रमाण. दहापैकी तीन वेळा जमले तर तो उत्तम फलंदाज. क्लेमेंतेची कारकिर्दीतील सरासरी ०.३१७ होती आणि १९६१, १९६४, १९६५ व १९६७ अशा चार हंगामांत नॅशनल लीगमधील सर्वोच्च सरासरी त्याची होती. १९६६ साली तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. होमरन मात्र २४०च. त्याची खरी शोभा क्षेत्ररक्षणात होती. मैदानाच्या उजव्या सीमेकडून थेट फेकीवर धावपटूला बाद करण्याची त्याची ताकद एवढी, की पुढचा बेस गाठावा की नाही याचा धावपटू दोनदा विचार करीत. क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार १९६१ ते १९७२ अशी सलग बारा वर्षे त्याने घेतला.

१९६० साली पायरेट्सने न्यूयॉर्क यांकीजला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. क्लेमेंतेने सातही सामन्यांत फटके मिळवले. तरीही त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात त्याला आठवे स्थान मिळाले. हे शल्य त्याच्या मनात राहिले.

१९७१ची वर्ल्ड सिरीज हे जणू त्याला उत्तर होते. त्या वर्षी १ सप्टेंबरला पायरेट्सने मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिन होते; मेजर लीगमध्ये असे पूर्वी कधीच घडले नव्हते. अंतिम झुंजीत बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध सदतीस वर्षांच्या क्लेमेंतेने ०.४१४ सरासरीने बारा फटके मिळवले आणि २-१ने जिंकलेल्या सातव्या सामन्यात होमरनही मारला. मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच होता. विजयानंतर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत बोलण्याआधी त्याने स्पॅनिशमध्ये काही शब्द बोलण्याची परवानगी मागितली आणि सान हुआनमधील आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. ज्याच्या इंग्रजीची सोळा वर्षे थट्टा झाली, त्याने साऱ्या अमेरिकेसमोर आपली भाषा अशी उभी केली. कारकिर्दीतला हा क्षण त्याच्या कोणत्याही फटक्याइतकाच मोलाचा मानायला हवा.

३० सप्टेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर तीन हजारावा फटका बसला. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा फटका ठरला.

२३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंते प्वेर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून त्या शहरात राहून आला होता. त्याने मदतनिधी उभारला, विमाने पाठवली; पण हुकूमशहा सोमोसाचे सैनिक मदत मध्येच हडप करीत असल्याच्या वार्ता आल्या. आपण स्वतः गेलो तर माल गरजूंच्या हाती पडेल, अशा विचाराने ३१ डिसेंबरच्या रात्री तो एका जुन्या डीसी-७ मालवाहू विमानात बसला. त्याच महिन्याच्या आरंभी या विमानाला अपघात झालेला होता, आणि त्या रात्री त्यात मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो अधिक वजन होते. सान हुआनहून उडताच इंजिनात बिघाड होऊन ते समुद्रात कोसळले. पाचही जण दगावले. क्लेमेंतेचा देह सापडला नाही. त्याचा सहकारी मॅनी सांगीयेन शोधासाठी पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरला होता. कुटुंबीयांनी विमानवाहतूक यंत्रणेच्या हलगर्जीपणाबद्दल सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयात ते जिंकले, पण १९७७ साली अपिलात तो निकाल फिरवण्यात आला.

निवृत्तीनंतर पाच वर्षांनीच हॉल ऑफ फेममध्ये निवड होऊ शकते, हा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवण्यात आला. मार्च १९७३मधील खास मतदानात ४२४पैकी ३९३ मते त्याला पडली आणि तो तेथे पोहोचणारा पहिला लॅटिन अमेरिकन ठरला. पायरेट्सने त्याचा २१ क्रमांक कायमचा निवृत्त केला. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी दिला जाणारा मेजर लीगचा सन्मान त्याच्या नावे आहे, तसेच पिट्सबर्गमधील स्टेडियमकडे नेणारा पूलही.

हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या ताम्रपटावर मात्र ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’ असे कोरले गेले. आईचे आडनाव अमेरिकी रीतीने मधले नाव समजून आत सरकवले होते. ते बदलून ‘रोबेर्तो क्लेमेंते वॉकर’ असा नवा पट लागायला २००० साल उजाडले.