चाल आणि लेखणी

गोष्ट लिहिताना कानात सूर असावा की नसावा, हा वाद हेडफोनमुळे नवा वाटतो. गोंदिया जिल्ह्यात त्याचा माग थेट आठव्या शतकापर्यंत निघतो. आमगावजवळचे पदमपूर हेच संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या चौथ्या अंकात लव सांगतो, की वाल्मीकींनी रामकथेचा एक भाग प्रयोगासाठी रचून, स्वतःच्या हाताने लिहून भरतमुनींकडे धाडला. तिथे भरताची ओळख तौर्यत्रिकाचा, म्हणजे गीत, वाद्य आणि नृत्य यांचा सूत्रकार अशी आहे. लिहिणारा एका आश्रमात, वाद्ये दुसऱ्या आश्रमात. तरी ते लेखन वाजण्यासाठीच झालेले. यावरून भवभूती स्वतः वीणा ऐकत लिहीत होता असे म्हणता येणार नाही. पण लेखणीला पुढचा सूर ठाऊक असतो, हे त्याने गृहीत धरले आहे.

हीच गोष्ट मराठीत छापील पुराव्यानिशी दिसते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ छापण्याची रीत रुळली. नाटककार ओळखीचे गाणे घेई, त्यातले शब्द काढून टाकी, आणि रिकाम्या झालेल्या चालीत आपल्या पात्राचे मन भरी. ‘मानापमाना’च्या (1911) चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, म्हणजे तिथे सूर दुसऱ्याचा आणि शब्द खाडिलकरांचे. गोंदिया ज्यात येतो त्या झाडीपट्टीने ही परंपरा आपल्या अंगणात जिवंत ठेवली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये रंगतात, आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. दंडारीत ढोलकी आणि टाळ कथेच्या मागे उभे राहत नाहीत. कथाच त्यांच्या ठेक्यावर पाऊल टाकते.

यावर आक्षेप येईल, की पदाची चाल वेगळी आणि कादंबरी लिहिताना खोलीत वाजणारे गाणे वेगळे. आक्षेप खरा आहे. शब्द असलेले गाणे वाचन-लेखनाला अडवते, असे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसले आहे. दोन भाषा एकाच कानात भांडतात. पण म्हणूनच जुन्या नाटककारांची कृती मला इतकी शहाणपणाची वाटते: त्यांनी आधी गाण्यातले शब्दच काढले. दुसरा आक्षेप, की हे सारे पद्याचे. गद्याला चाल कुठली? रात्रभराच्या नाटकात मात्र गद्य प्रवेशही पुढच्या गाण्याकडे सरकत असतो. संवाद किती ताणायचा आणि कुठे सोडायचा, हे पेटीचा पहिला सूर कधी लागणार यावर ठरते. तो सूर लिहिणाऱ्याने आधीच ऐकलेला असतो, खोलीत काहीही वाजत नसताना.