एकाच पातेल्यातला इतिहास: कोयनेच्या चकोल्या आणि अमेरिकेचा गोमांस-पास्ता

१/ एका पातेल्यात गोमांसाचा खिमा परतायचा, त्यात कांदा, लसूण आणि टोमॅटो घालायचे, वरून पाणी ओतून कोरडा पास्ता त्यातच शिजवायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात जेवायला बसायचे. अमेरिकी घरांतील हा सोपा रात्रीचा बेत आज जगभर ओळखीचा आहे. सातारा जिल्ह्यातील कोयनानगरशी त्याचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु पदार्थाचे नाव क्षणभर बाजूला ठेवून केवळ रीत पाहिली, तर ती कोयना-कृष्णेच्या खोऱ्यात घरोघरी सापडते. ही रीत कोणत्या गरजेतून आली, तिच्यातला गहू कोणाला मिळाला आणि मांस कोणाच्या वाट्याला आले, याचा हा धागा.

२/ प्रथम रीत. पास्ता वेगळ्या पाण्यात उकडला, तर त्यातील पिष्टाचा काही अंश पाण्यात उतरतो आणि ते पाणी ओतून दिले जाते. तोच पास्ता मांसाच्या रश्श्यात शिजवला, तर हे पिष्ट रस्सा दाट करते आणि पिठाच्या तुकड्यांना मांसाची चव लागते. म्हणून पाणी बेताचे घालावे लागते आणि तळ अधूनमधून ढवळावा लागतो. खिमा आधी तांबूस होईपर्यंत परतण्याचे कारणही हेच. तळाला धरलेला खरपूस अंश पुढे पाण्यात सुटतो आणि थोड्या मांसाची चव साऱ्या पातेल्याला पुरते.

३/ आता सातारा-सांगलीकडच्या चकोल्या पाहा. तुरीच्या डाळीची आमटी फोडणीला टाकून उकळत ठेवायची. कणीक घट्ट मळून, लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे काप करायचे आणि ते एकेक करून उकळत्या आमटीत सोडायचे. पीठ आमटीतच शिजते, आमटी दाटते आणि वरून तुपाची धार पडली की जेवण तयार होते. हाच पदार्थ इतरत्र वरणफळे म्हणून ओळखला जातो, तर गुजरातेत त्याला दाळढोकळी म्हणतात. भाजी, आमटी आणि पोळी या तिघांचे काम येथे एकच भांडे करते.

४/ गहू नसेल तेथे हुलगा असे. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचे वाटण घालून घट्ट गोळा मळतात, हातावर त्याच्या लांब वळ्या करतात आणि त्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडतात. हे शेंगोळे. त्यांना ना लाटणे लागते, ना तवा. कोरडवाहू रानात तग धरणारे एक कडधान्य, थोडे तिखट, पाणी आणि एक भांडे, एवढ्यावर घरादाराचे जेवण होते. हाताने वळलेला आणि रश्श्यातच शिजवलेला हा पिठाचा पदार्थ पास्त्याचा दूरचा भाऊच म्हणावा असा आहे.

५/ पास्त्याचा स्वतःचा इतिहासही सरळ नाही. मार्को पोलोने तो चीनहून इटलीत आणला, ही कथा खोटी आहे. पोलोच्या जन्माच्या शंभर वर्षे आधी, ११५४ मध्ये, अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने सिसिलीतील त्राबिया येथे सुकवलेल्या शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणात तयार होऊन जहाजांनी परदेशी जात असल्याची नोंद केली आहे. इटलीचा सुका पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा होतो, त्याच जातीचा बन्सी गहू दख्खनमध्ये रव्यासाठी आणि शेवयांसाठी नावाजला गेला. सांगली-साताऱ्याकडे खिरीसाठी वापरला जाणारा खपली गहू आणि इटलीतील फार्रो या नावाने विकला जाणारा एमर गहू हेही एकाच जातीचे.

६/ मात्र गहू असणे आणि तो रोजच्या ताटात असणे यांत मोठे अंतर होते. कोयनेच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथील डोंगरउतारांवर भात, नाचणी आणि वरी पिकते. तेथून पूर्वेला सांगलीतील आटपाडी-जतकडे गेले, की पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि ज्वारी-बाजरीचा मुलूख सुरू होतो. दोन्ही टोकांना गहू हे सणावाराचे, पाहुण्यारावळ्यांचे धान्य होते. थोडी कणीक डाळीत सोडून सगळ्यांना पुरवणे, ही युक्ती येथे समजण्यासारखी आहे.

७/ एका भांड्यातल्या स्वयंपाकामागे बहुधा तीन टंचाया असतात. पहिली सरपणाची, कारण चुलीवर दोन भांडी चढवायची तर लाकूडही जास्त लागते. दुसरी वेळेची, कारण शेतावरून किंवा मजुरीवरून परतलेल्या बाईला भाकरी, आमटी आणि भाजी वेगवेगळी करणे अवघड जाते. तिसरी महाग जिन्नसाची. मग तो जिन्नस गहू असो वा मांस, त्याचा थोडासा वाटा अनेकांत वाटायचा असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोयनेच्या खोऱ्याला या तिन्ही टंचाया एकामागून एक भोगाव्या लागल्या.

८/ कोयनानगर हे धरणाच्या कामामुळे वाढलेले गाव. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि मागे शिवाजीसागर पसरला. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरवून वीज निर्माण होऊ लागली. या विजेने मुंबई-पुण्याचे कारखाने चालले. दुसरीकडे नदीकाठची भातखाचरे आणि गावे पाण्याखाली गेली. अनेक कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी दूरदूर विखुरली. नाचणी-भाताचे घर ज्वारीच्या मुलखात गेले, की धान्याबरोबर रोजचे जेवणही बदलते. या पुनर्वसनाचे प्रश्न २०१८ मध्येही इतके ताजे होते, की प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगर येथे दीर्घ ठिय्या दिला.

९/ याच वर्षांत देशाच्या ताटात परदेशी गहू आला. ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने अमेरिकेशी पी. एल. ४८० कायद्याखाली पहिला करार केला. सलग दोन दुष्काळांनंतर १९६६ मध्ये भारताची धान्य आयात एक कोटी टनांवर गेली. त्याच वर्षी मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आले आणि हरितक्रांतीने वेग घेतला. शिधावाटप दुकानातून मिळणाऱ्या गव्हाने ज्वारी-नाचणीच्या घरांतही कणकेची सवय रुजवली. सणाचे धान्य हळूहळू रोजचे झाले, पण ते शेतातून येण्याऐवजी शिधापत्रिकेवर येऊ लागले.

१०/ ११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता सहापेक्षा अधिक होती. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली आणि गावातील बहुतांश घरे कोसळली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. घर पडते तेव्हा चूलही पडते. ऐन थंडीत उघड्यावर आलेल्या माणसाला तीन दगड, एक पातेले आणि त्यात जे मिळेल ते शिजवणे, एवढाच स्वयंपाक शक्य असतो. ‘सोपे जेवण’ या शब्दांचा हा दुसरा, कठोर अर्थ.

११/ पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडत आणि माती वाहत होती. कामावर सुकडी वाटली जाई. परदेशातून आलेली मिलो ही तांबडी ज्वारी त्या पिढीच्या तोंडात कायमची कडवट चव ठेवून गेली. सांगली जिल्ह्याशी निगडित असलेले वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला याच अनुभवाने बळ दिले. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. दिवसभर खडी फोडून परतलेल्या बाईसाठी एका भांड्यातले जेवण ही आवड नव्हती. तिच्यापाशी तेवढेच त्राण उरलेले असे.

१२/ नेमक्या याच काळात अमेरिकेतही पातेले एकच झाले. १९७१ मध्ये जनरल मिल्स या कंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचे पाकीट देशभर विक्रीस आणले. त्यात सुका पास्ता आणि मसाला असे. घरातला एक पौंड गोमांसाचा खिमा घालायचा आणि सारे एकाच भांड्यात शिजवायचे. मांस महाग होत होते आणि थोडा खिमा पिठाच्या आधाराने पाच जणांना पुरवायचा होता. आज सोयीचे वाटणारे हे जेवण अमेरिकेत घराघरांत पोहोचले, ते महागाईच्या दिवसांत.

१३/ दोन्ही टंचायांना जोडणारा एक दुवा होता. १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून सुमारे एक कोटी टन गहू खरेदी केला आणि जगभर धान्याचे भाव भडकले. गुरांचे खाद्य महागले, तसे गोमांस आणखी महागले. मार्च १९७३ च्या अखेरीस अध्यक्ष निक्सन यांनी मांसाच्या भावावर कमाल मर्यादा घातली आणि एप्रिलमध्ये अमेरिकी गृहिणींनी आठवडाभर मांसावर बहिष्कार टाकला. त्याच महागलेल्या बाजारात दुष्काळग्रस्त भारतालाही धान्य शोधावे लागले. एका बाजूला खिमा पुरवण्याची चिंता होती, तर दुसऱ्या बाजूला मूठभर पीठ पुरवण्याची. टंचाई दोन्हीकडे होती. तिची खोली मात्र सारखी नव्हती.

१४/ उरला प्रश्न मांसाचा. महाराष्ट्रातील गोमांसाचा इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. बलुतेदारीत मेलेली गुरे ओढण्याचे काम महारांवर लादले गेले आणि त्या मांसावर भूक भागवावी लागली, म्हणून त्यांनाच हीन ठरवले गेले. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या ही पावसाळ्याची बेगमी असे. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यामागे स्वाभिमानाचा विचार होता. पुढे १९४८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेणाऱ्या ग्रंथात गोमांसाचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला.

१५/ छापील मराठी पाकशास्त्रात हे पातेले फार काळ दिसलेच नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघाले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र’ने हजार पाककृती दिल्या आणि त्यांत मासे-मटणालाही स्थान दिले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी पोहोचवले. तेल-तूप परवडत नसलेल्या दलित वस्तीतील चुलीला ग्रंथरूप मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ प्रसिद्ध झाले. जे लिहिले गेले नाही ते शिजतच नव्हते, असा समज इतिहासाच्या वाचकाने करून घेऊ नये.

१६/ त्याच २०१५ मध्ये कायदाही बदलला. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीवर बंदी होती. दुरुस्तीनंतर वळू आणि बैलही तिच्या कक्षेत आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस बंदीबाहेर राहिले. म्हणजे हा अमेरिकी पदार्थ आज कोयनानगरात करायचा म्हटला, तर पातेल्यात म्हशीचा, बकऱ्याचा किंवा कोंबडीचा खिमाच पडेल.

१७/ १९८३ मध्ये मॅगी भारतात आली आणि एका भांड्यात पीठ व मसाला एकत्र शिजवण्याची रीत नव्या पिढीला नवी वाटू लागली. पुढे पास्ताही वाण्याच्या दुकानात पोहोचला. आजीच्या चकोल्या ‘गरिबाचे जेवण’ ठरल्या आणि तीच रीत परदेशी नावाने आली, तेव्हा मेजवानी ठरली. बन्सी गव्हाच्या तुकड्यांनी आमटी दाटते, तशीच ड्युरमच्या पास्त्याने खिम्याची ग्रेव्ही दाटते. पिष्टाला दोन्हीकडे एकच काम असते. प्रतिष्ठेतला फरक मात्र पातेल्याबाहेर, माणसांनी ठरवलेला आहे.

१८/ म्हणून पुढच्या वेळी एकाच पातेल्यातला पास्ता समोर आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. सरपण कोणाचे वाचले? वेळ कोणाचा वाचला? आणि महाग जिन्नस किती जणांत वाटला गेला? याच प्रश्नांची उत्तरे शिवाजीसागराखाली गेलेल्या गावांत, १९६७ च्या पहाटे उघड्यावर पेटलेल्या चुलीत, १९७२ च्या खडीच्या ढिगाऱ्यावर आणि अमेरिकेतल्या त्या पाकिटातही सापडतात. राजांच्या लढाया बखरींत नोंदवल्या गेल्या. भुकेशी झालेली लढाई मात्र पातेल्याच्या तळाला धरून राहिली आहे. ती खरवडून वाचावी लागते.