तलावाचें पाणी आणि विहिरीचें लोह

नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या महामार्गावर कोहमारा हें गांव आहे. येथून एक वाट गोंदियाकडे फुटते व दुसरी नवेगांवबांधकडे. भोंवतालचा मुलूख धानाचा. धानाच्या बांधीला पाणी कोठून द्यावें, या एका प्रश्नाभोंवतीं या मुलुखाचा कित्येक पिढ्यांचा इतिहास फिरत आला आहे.

या प्रश्नाचें जुनें उत्तर तलाव हें होतें. तलाव बांधील त्यास जमीन द्यावयाची, अशी गोंड राजांची रीत होती असें परंपरा सांगते. आणि हें काम कोहळी समाजानें अंगावर घेतलें. रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांतही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच दिलेली आहे. सात बहिणींच्या डोंगरांमधील नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यानें बांधला, अशी समजूत आजही रूढ आहे. डोंगरउतारावरचें पाणी मातीच्या पाळीनें अडवावयाचें आणि पाटानें बांधीबांधींतून खालीं न्यावयाचें, एवढीच ही विद्या. परंतु हें पाणी महिनोन्महिने उन्हावाऱ्यांत उघडें राही, याचें महत्त्व पुढें कळावयाचें होतें.

१९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. ती संपणें न्यायाचेंच होतें. मात्र तलाव सरकारकडे गेले आणि पाळीची डागडुजी व गाळउपसा यांची पूर्वीची घडी विसकटली. मालगुजाराचा धाक गेला, पण त्याच्या जागीं गांवाची जबाबदारी उभी राहिली नाहीं. पुष्कळ तलाव गाळानें उथळ झाले. पुढें विजेचे पंप आले, उन्हाळी धानाची हांव वाढली आणि शेतकऱ्याची नजर तलावावरून विहिरीकडे व नलिकाकूपाकडे वळली.

येथें लोहाचा प्रश्न उद्भवतो. हा सारा पूर्वेकडचा पट्टाच लोहयुक्त खडकांचा. शेजारच्या छत्तीसगडांतील राजहऱ्याच्या लोहखनिजाचें वर्णन प्रमथनाथ बोस यांनीं १८८७ सालींच केलें होतें. गोंदिया जिल्ह्यांतही खुर्सीपार येथें लोहखनिज आहे. अर्थात् खडकांत लोह आहे म्हणून प्रत्येक विहिरींत तें उतरतेंच असें नाहीं. जेथें भूगर्भांतील पाण्याला प्राणवायूचा स्पर्श नसतो, तेथेंच लोह विरघळतें. असें पाणी उपसतांना स्वच्छ दिसतें. हवा लागतांच गढूळ होतें, आणि पाटाच्या कडेला तांबूस साका धरतो.

या पाण्यानें शेतीचें काय होतें? जागतिक अन्न व शेती संघटनेनें १९८५ सालीं ओलितासाठीं दर लिटरमागें ५ मिलिग्रॅम लोह ही मर्यादा सुचविली. अशा पाण्याचा मीटरभर थर हेक्टरभर शेताला दिला, तर ५० किलो लोह जमिनींत जातें. आंकडा मोठा वाटतो. पण त्याच जमिनीच्या वरच्या थरांत मुळांतच कित्येक टन लोह असतें. तेव्हां अपाय वजनांत नाहीं, लोहाच्या अवस्थेंत आहे. हवेशीर जमिनींत तें गंजून निश्चल होतें. पिकाला विषारी होत नाहीं, तरी स्फुरदाला धरून ठेवतें व कालांतरानें जमिनीला आम्लता आणतें. ठिबकाच्या बारीक तोट्या तर थोड्या लोहानेंही बुजतात.

धानाची गोष्ट निराळी. बांधी पाण्यानें भरली कीं मातींतील हवा संपते व निजलेलें लोह पुन्हां विरघळतें. त्यांत विहिरीच्या लोहाची भर पडली, आणि जमीन आम्ल व निचरा वाईट असला, कीं पीक आजारी पडतें. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके उठतात, पान तांबूस होऊन वाळतें, मुळांवर गंजाचें कवच चढतें. पोन्नम्पेरुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५५ सालीं धानाच्या अशा रोगाचा संबंध लोहाशीं जोडून दाखविला. स्फुरद, पालाश व जस्त यांची उणीव असेल तर हा रोग अधिक बळावतो.

उपाय अवघड नाहींत. प्रथम पाणी तपासावें. कारण पंपाचा लोखंडी नळ गंजूनही पाणी लाल होतें, आणि दोष भूमीचा नसून नळाचा निघतो. लोह पाण्यांतीलच असेल, तर पाणी उंचावरून टाक्यांत पाडावें, साका बसूं द्यावा व मग निवळ पाणी बांधींत सोडावें. मधून मधून बांधी निचरून मातीला हवा द्यावी.

पाण्याला हवा दाखवावी व निवळूं द्यावें, हेंच या उपायांचें सार आहे. आणि तलावांत हें काम विनासायास होत असे. कोहळ्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, परंतु त्यांच्या पाळीमागें उभें राहणारें पाणी पावसाचें होतें, उघडें होतें. विहीर टाळतां येणार नाहीं हें खरें. तथापि विहिरीवर खर्च करणाऱ्या गांवानें तलावांतील गाळही काढावा. नाहीं तर जें काम पूर्वजांची पाळ फुकट करीत होती, त्यासाठीं प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या बांधावर वेगळें टाकें बांधावें लागेल.